टीप आणि टाका

वसुबारसेच्या आदल्या रात्री साडेनऊच्या सुमारास आमचे शिवणयंत्र बंद पडले. बंद पडण्यापूर्वी त्याने पुरेशा सूचना दिल्या होत्या. आधी मध्येच एखादा टाका सुटू लागला. मग कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचा गुंता होऊ लागला. मग सुई मोडली. सुई बदलून आम्ही पुन्हा पायडल मारले, तेव्हा आतून 'खट्' असा आवाज आला आणि चाक जागच्या जागी अडकले. समोर सहा पिशव्या बेतून ठेवलेल्या होत्या, जमिनीवर एक गोधडी अर्धवट शिवून पसरलेली होती आणि नरकचतुर्दशी तीन दिवसांवर आली होती.

आम्ही म्हणजे दोघी. एकाच विद्यापीठातून एकाच वर्षी मराठी घेऊन एम.ए. झालो आणि आता एकाच महाविद्यालयात शिकवतो. दिवाळीला द्यावयाच्या भेटी विकत आणायच्या नाहीत, स्वतः करायच्या, असा आमचा गेल्या अकरा वर्षांचा नेम आहे. ग्रंथालयातील सहायकांना, विभागातील शिपाईमावशींना, वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंना जुन्या साड्यांच्या, पुस्तके मावतील अशा पिशव्या शिवून द्यायच्या. आणि दरवर्षी एक मोठी वस्तू, जिला एखादे विशेष निमित्त असेल. यंदाचे निमित्त होते आमच्या बाई. एम.ए.ला आम्हांला संतसाहित्य शिकवणाऱ्या बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. "मला या झेपत नाहीत आता, तुम्ही वापरा," असे म्हणून त्यांनी उन्हाळ्यात आपल्या सात सुती साड्या आमच्या हवाली केल्या होत्या. त्या नेसण्याचे धाडस आम्हांला झाले नाही. त्यांची गोधडी करून ती बाईंनाच परत द्यावी, असे आम्ही ठरवले.

यंत्र आमच्यापैकी एकीच्या आईचे. कोणाच्या, ते येथे लिहू नये, असे आम्ही दोघींनी मिळून ठरवले आहे. कारण पुढे जे भांडण सांगायचे आहे त्यात वाचकांनी व्यक्ती ओळखून बाजू घ्यावी, अशी आमची इच्छा नाही.

भांडण असे झाले. चाक अडकल्यावर मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांना फोन केला. ते हसले. दिवाळीच्या तोंडावर गावातला प्रत्येक शिंपी रात्रीचा दिवस करीत असतो. ज्यांचे पोट मशीनवर आहे त्यांची मशीने आधी. "भाऊबीज होऊ द्या मॅडम, मग येतो," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते. काही वेळ आम्ही गप्प बसून राहिलो. मग आमच्यापैकी जिच्याकडे शिवण हा छंद म्हणून, उन्हाळी सुटीतल्या शिवणक्लासातून आला, ती म्हणाली, "जाऊ दे. आता हातानेच शिवू. उलट जास्त छान होईल. खऱ्या अर्थाने हँडमेड."

दुसरी लगेच काही बोलली नाही. मोडक्या सुईचे तुकडे शोधून तिने ते काडेपेटीत घातले. पायाखाली सुई येऊ नये म्हणून तिच्या आईने लावलेली ही सवय. मग ती म्हणाली, "हे वाक्य तू माझ्या आईसमोर बोलली असतीस?"

तिची आई सातवीपर्यंत शिकली होती. लग्न होऊन गावात आल्यावर ती एका शिंप्याकडून काज-बटणाचे काम घरी आणू लागली. कपडा यंत्रावर शिंपी शिवणार आणि यंत्राने जे होत नाही ते, म्हणजे काजे करणे, बटणे लावणे, हूक आणि आकडे बसवणे, हेम घालणे, हे आसपासच्या बायकांकडून नगावर करून घेणार, अशी ती वाटणी असे. हाताचे काम हे त्या व्यवहारातले सर्वांत स्वस्त काम होते. दिव्याखाली बसून काजे करता करता तिचे डोळे दुखत. १९८६ साली हप्त्यांवर हे मशीन घरात आले, आणि ज्या दिवशी आले त्या दिवसापासून ती शिंप्याची मजूर राहिली नाही. गल्लीतल्या बायकांची ब्लाउजे स्वतः बेतून, स्वतः शिवून, स्वतः दर सांगून देऊ लागली. मुलीच्या शिक्षणाची फी, थेट एम.ए.पर्यंत, या काळ्या यंत्राने भरली. यंत्रामुळे हात सुटले, हे त्या घरात कोणाला वाचून शिकावे लागले नाही.

दिवाळीचे तर विचारूच नये. नवरात्र संपले की ब्लाउजपिसांचा ढीग पडे आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पायडलचा आवाज चाले. सगळ्या गल्लीचे कपडे देऊन झाले की शेवटी मुलीचा फ्रॉक मशीनवर चढे. एका वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर तिने जो नवा फ्रॉक घातला, त्याची हेम टाचण्यांनी धरलेली होती. दिवसभर ती टाचण्या सांभाळत हिंडली. "तुला हाताने शिवणं सुंदर वाटतं," ती त्या रात्री म्हणाली, "कारण तुला ते कधी करावं लागलं नाही."

या बोलण्यावर दुसरीने जे उत्तर दिले ते प्राध्यापकी होते. आमच्याकडून बहुधा तसेच होते. दुखावलो की आम्ही संदर्भ काढतो. तिने गांधीजींचे नाव घेतले. पण गांधीजींनी तिला साथ दिली नाही. यंत्रांच्या वेडाला विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली झालेल्या एका संभाषणात जे मोजके अपवाद सांगितले, त्यांत शिवणयंत्राचे नाव होते. हाताने शिवण्याच्या रटाळ कामात पत्नी खपते आहे हे सिंगरने पाहिले आणि तिच्यावरील प्रेमापोटी, तिचे श्रम वाचावेत म्हणून, त्याने हे यंत्र घडवले, अशी कथा त्यांनी त्या वेळी सांगितली होती. ज्या यंत्राच्या मुळाशी माणसाविषयीचे प्रेम आहे त्याला त्यांचा विरोध नव्हता.

इतिहास या कथेला दुजोरा देत नाही. शिवणयंत्राचा शोध एकट्या सिंगरचा नव्हेच. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए याने १८३० साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले; पॅरिसमधील त्याच्या कारखान्यात लष्कराचे गणवेश शिवले जाऊ लागले, तेव्हा पोट बुडेल या भीतीने शिंप्यांनी १८३१ साली तो फोडला. अमेरिकेत एलायस होवला १८४६ मध्ये पेटंट मिळाले आणि सिंगरला १८५१ मध्ये. पुढे होवने सिंगरवर खटला भरला आणि सिंगरला त्याला स्वामित्वधन द्यावे लागले. आयझॅक सिंगरच्या पत्नीप्रेमाविषयी बोलायचे तर एकाच काळात त्याचे एकाहून अधिक संसार चालू होते. म्हणजे गांधीजींची कथा त्या माणसाच्या बाबतीत टिकत नाही. पण आमच्या समोर अडकून पडलेल्या त्या यंत्राच्या बाबतीत ती शब्दशः खरी होती, आणि पॅरिसचे शिंपीही खोटे नव्हते. तेच यंत्र एकाचा हात सोडवते आणि दुसऱ्याचा हात रिकामा करते. रात्री साडेअकराला एवढे कबूल करून आम्ही दोघी उठलो. समेट झाला नव्हता. फक्त उशीर झाला होता.

दुसऱ्या संध्याकाळी मात्र हातानेच शिवायला बसावे लागले, कारण दुसरा मार्ग नव्हता. पिशव्यांना उलटी टीप घालायची, म्हणजे प्रत्येक टाका अर्धा मागे घेऊन पुढे न्यायचा, आणि गोधडीला साधा धावदोरा. आम्ही घड्याळ लावून टाके मोजले. एकीचे मिनिटाला अठरा भरले, दुसरीचे सव्वीस. १८४५ साली बोस्टनमध्ये एलायस होवने आपले यंत्र पाच शिवणकरी स्त्रियांसमोर चालवून दाखवले होते. ते मिनिटाला अडीचशे टाके घालीत होते आणि त्याने त्या पाचही जणींना मागे टाकले होते. आम्ही दोघी मिळून चव्वेचाळीस. पहिल्या रात्री दीड पिशवी झाली. अंगठ्याला भोके पडली, मानेला रग लागली, आणि जिने 'खऱ्या अर्थाने हँडमेड' म्हटले होते तिने आपण होऊन ते शब्द मागे घेतले.

ज्याला यंत्रावर 'टीप' म्हणतात तो शब्द आम्ही रोज वेगळ्या अर्थाने वापरतो. आमची टीप पानाच्या तळाशी असते. शिवताना वाटू लागले की समीक्षेने आपली परिभाषा विणकराकडून भरभरून घेतली आणि शिंप्याकडून हात आखडून. कथेची वीण, भाषेचा पोत, कथानकाचे धागे, प्रसंगांची गुंफण: हे सारे मागावरचे किंवा फुलांचे. शिंप्याकडचे 'ठिगळ' आम्ही घेतले, पण दोष दाखवण्यापुरते. 'बेतणे' घेतले, तेही एखादे नाटक परकीय नाटकावर बेतले आहे असे किंचित उणावून सांगण्यासाठी. वास्तविक बेतणे हेच शिंप्याचे सगळ्यांत अवघड काम. कापड एकदा कापले की परत जुळत नाही. म्हणून कात्री लावण्यापूर्वी अंग, माप आणि कापड यांचा पूर्ण विचार झालेला असावा लागतो. नामदेव शिंपी होते हे वर्गात आम्ही दरवर्षी सांगतो आणि पुढे जातो. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची जी ६१ पदे आहेत, त्यांतल्या एका पदात गज, कात्री, सुई ही शिंप्याची हत्यारेच भक्तीची साधने झाली आहेत. त्या पदाला आपण रूपक म्हणतो. शिवण हाच ज्याचा दिवस होता त्याला ते रूपक वाटले असेल का, हा प्रश्न इतकी वर्षे आमच्या मनात आला नव्हता. अंगठा दुखू लागल्यावर आला.

तिसऱ्या रात्री, जाडसर दोरा शोधताना, मशीनच्या खणात आईची मापांची वही सापडली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. प्रत्येक पानावर एका बाईचे नाव, आणि खाली उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा, दंड, बाही, पुढचा गळा, मागचा गळा यांचे आकडे. नावांपुढे तारखा आहेत, आणि तीच नावे दर वर्षी पुन्हा येतात. एका बाईची छाती चार वर्षांत ३२ वरून ३६ झाली आहे. मधल्या एका नोंदीपुढे 'शिवण सोडायला जागा ठेवणे' असे लिहिले आहे, कारण तेव्हा तिला दिवस गेले होते. दुसऱ्या एका बाईचे माप एका वर्षात ३४ वरून ३० वर आले आहे. त्यापुढे काही लिहिलेले नाही. त्यानंतर ते नावही नाही. कुठे 'कापड कमी, बाहीला जोड', कुठे 'बाकी ५ रुपये', कुठे 'पैसे घेऊ नये'. या शेवटच्या नोंदीचे कारण आम्हांला ठाऊक नाही, आणि विचारायला आई आता नाही.

स्त्रियांच्या आत्मकथनांवर आम्ही दोघीही व्याख्याने देत आलो आहोत. एका गल्लीतल्या बायकांची वीस वर्षे इतक्या कमी शब्दांत लिहिलेली आम्ही पाहिली नव्हती. आम्ही वही पुढून मागे आणि मागून पुढे वाचली आणि त्या रात्री एकही टाका घातला नाही. वाचता वाचता आईची मुलगी सहज म्हणाली, "बायका म्हणायच्या, हिच्या हातचं ब्लाउज अंगाला बसतं."

आमच्या भांडणाचे उत्तर त्या एका शब्दात होते, आणि तो शब्द आम्ही दोघींनी जन्मभर वापरला होता. ती ब्लाउजे यंत्रावर शिवलेली होती, तरी ती 'तिच्या हातची' होती. मराठीत आईच्या हातचा लाडू मिक्सरमधल्या बेसनाचा असला तरी आईच्याच हातचा असतो. 'हस्तनिर्मित' हा शब्द वस्तू कशी केली ते सांगतो. त्यात यंत्र नसल्याचा दाखला आहे आणि दुकानात त्या दाखल्याची किंमत लावता येते. 'हातचे' हा शब्द वस्तू कोणी केली ते सांगतो, आणि म्हणून त्याच्याआधी कोणाचे तरी नाव लागतेच. नुसते 'हातचे' असे काही नसते. आम्ही अकरा वर्षे भेटी देत होतो त्या हस्तनिर्मित आहेत याचा अभिमान बाळगत. त्या आमच्या हातच्या आहेत की नाहीत, हे पाहिले नव्हते.

पिशव्या पाडव्याला वाटल्या. गोधडी राहिली.

भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी मशीनवाले काका आले. त्यांनी मशीन मागे कलते केले, शटल बाहेर काढले, कापसाची लव फुंकून उडवली आणि शटलचे टोक नखावर फिरवून आमच्यापुढे धरले. ते बोथट झाले होते. "जाड थरावर चौदा नंबरची सुई लावलीत," ते म्हणाले, "आणि वरून कापड ओढलंत ना?" ओढले होते. सात साड्यांच्या घड्या दाबपट्टीखालून पुढे सरकेनात, तेव्हा घाईने दोघींनी मिळून ओढल्या होत्या. ओढल्याने सुई वाकली, वाकलेली सुई शटलवर आपटली, आणि टायमिंग गेले. सुई तळापर्यंत जाऊन जेमतेम दोन मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या पाठीशी दोऱ्याचा एक लहानसा फास तयार होतो; शटलच्या टोकाने नेमक्या त्याच क्षणी त्या फासात शिरायचे आणि वरचा दोरा खालच्या दोऱ्याभोवती फिरवून आणायचा. क्षण चुकला की सुई खालीवर होत राहते, पण टाका पडत नाही. "मशीन कापड स्वतःच पुढे घेतं मॅडम. आपण नुसता हात ठेवायचा. आणि गोधडी मशीनवर शिवतंय कोण?" असे म्हणून त्यांनी नवे शटल बसवले. त्याची किंमत एखाद्या समीक्षाग्रंथापेक्षा बरीच कमी होती.

त्यांचा शेवटचा प्रश्न आम्हांला लागला. आमच्यापैकी एकीच्या घरी गोधडीला 'वाकळ' म्हणतात, आणि वाकळ हाताच्या टाक्यांनीच शिवायची असते, हे तिला माहीत होते. पांघरूण मऊ राहावे, थर आत सरकते राहावेत, यासाठी तो सैल धावदोरा असतो. यंत्राची टीप त्याला ताठ करते. पण दिवाळी जवळ आली होती आणि उरकायचे होते. हाताचे काम आम्ही यंत्रावर लादले, म्हणून यंत्र मोडले. आणि मग यंत्राचे काम हातावर लादले. त्याचेही फळ मिळाले. ग्रंथालयातल्या सहायकांना दिलेली हस्तनिर्मित पिशवी तीन जाडजूड ग्रंथांच्या वजनाने तळाशी उसवली. त्यांनी ती संकोचाने परत आणली. दुरुस्त झालेल्या मशीनवर आम्ही तिला तळाशी दुहेरी टीप मारून दिली.

गोधडी मात्र हाताने पूर्ण केली. दिवाळीची सुटी होती, घाई संपली होती. दोन कडांनी दोघी बसायचो आणि मध्याकडे शिवत यायचो. पुष्कळदा बोलत नसू. कधी एखादी साडी ओळखू येई: हीच नेसून बाईंनी पहिल्या तासाला वर्गात पाऊल टाकले होते, हीच तोंडी परीक्षेच्या दिवशी. त्या पहिल्या रात्रीचा विषय पुन्हा निघाला तो एकदाच. "तू चुकली नव्हतीस," एक म्हणाली, "हाताने शिवायला मला आता आवडतंय." दुसरी म्हणाली, "आवडतंय, कारण उद्या दर मागायला कोणी येणार नाही." दोन्ही वाक्ये खरी होती, आणि या वेळी आम्ही त्यांतले एक खोडून काढायचा प्रयत्न केला नाही.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी गोधडी घेऊन बाईंकडे गेलो. उशीर झाल्याबद्दल बोलू लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवले. गोधडी मांडीवर घेतली आणि आधी उलटी केली. शिवण कळणारी प्रत्येक बाई हेच करते, हे आम्ही विसरलो होतो. सुलटी बाजू देणारा दाखवतो. उलट बाजूला गाठी असतात, चुकून वळलेला दोरा असतो, धीर संपल्यावर लांबलेले टाके असतात. बाईंनी चष्मा वर केला, कापड डोळ्यांजवळ नेले आणि बोटाने ओळी चाचपत काठाकडून मध्यापर्यंत आल्या.

"या बाजूचे तुझे," त्या एकीला म्हणाल्या, "घाईचे. उत्तरपत्रिकेत शेवटचा प्रश्न असाच लिहायचीस." मग दुसऱ्या कडेवर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि हे तुझे. बारीक, एकसारखे. आईच्या हातचं वळण आहे."

त्यांनी तिच्या आईला कधी पाहिले नव्हते.